मनगटातून की जांघेतून? अँजिओप्लास्टीचे जनक डॉ. ग्रुंट्झिग यांच्या आयुष्यातून समजून घेऊ

घरात कुणाची अँजिओप्लास्टी ठरली की एक प्रश्न हमखास निघतो. ओळखीतल्या एका काकांची हातातून झाली, दुसऱ्या दिवशी ते चालत घरी आले. मग आपल्या वडिलांची डॉक्टर जांघेतून करायची म्हणतात, ते का? आपल्याला जुना किंवा हलका उपचार तर मिळत नाही ना?

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुटुंबांना हा प्रश्न जरा जास्तच सतावतो. अँजिओप्लास्टीसाठी अनेकांना अकोला, छत्रपती संभाजीनगर, जळगाव किंवा नागपूर गाठावे लागते. सुट्टी मिळाल्यावर कुणाला घाटावर मेहकर-लोणारकडे, तर कुणाला घाटाखाली नांदुरा-संग्रामपूरकडे परतायचे असते. तास न् तास गाडीत बसून केलेल्या या प्रवासात सुई टोचलेली जागा कशी राहील, ही चिंता रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे असेल, तर ज्या डॉक्टरांनी हृदयाच्या बंद होत चाललेल्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, त्यांचे आयुष्य जाणून घेणे उपयोगी ठरते. त्यांचे नाव डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग. त्यांनी जांघेचा रस्ता का घेतला आणि पुढच्या डॉक्टरांनी मनगटाचा का घेतला, हे कळले की तुमच्या डॉक्टरांचा निर्णयही समजायला सोपा जाईल.

युद्धाच्या सावलीतले बालपण

ग्रुंट्झिग यांचा जन्म २५ जून १९३९ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. वडील युद्धात गेले ते परतले नाहीत. आंद्रेआस आणि त्यांचे मोठे भाऊ योहानेस यांना आईने वाढवले. १९५० मध्ये आई दोन्ही मुलांना घेऊन अर्जेंटिनाला गेली, पण तिथे बस्तान बसले नाही आणि कुटुंब पुन्हा जर्मनीत, लाइपझिग शहरात आले.

लाइपझिग तेव्हा साम्यवादी पूर्व जर्मनीत होते. आंद्रेआस शाळेत हुशार होते. शाळा संपल्यावर ते पूर्व जर्मनीतून निसटून पश्चिमेकडे गेले आणि हायडेलबर्ग विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. १९६४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांचे काम रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या विभागात होते. पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्यामुळे चार पावले चालले तरी पोटरीत कळ येणारे रुग्ण ते रोज पाहत होते.

हृदयापर्यंत नळी नेण्याचे रस्ते

ग्रुंट्झिग यांच्या आधी काय घडले होते, ते थोडक्यात पाहू. तुमच्या प्रश्नाची मुळे तिथेच आहेत.

१९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी घालून ती हृदयापर्यंत नेली आणि एक्स-रे काढून ते सिद्ध केले. पुढे १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हृदयाकडे जाणारा पहिला रस्ता हातातूनच शोधला गेला होता.

१९५३ मध्ये स्वीडनच्या डॉ. सेल्डिंगर यांनी कापाकापी न करता रक्तवाहिनीत शिरण्याची युक्ती दाखवली: आधी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी. आजही जांघेतून असो वा मनगटातून, हीच पद्धत वापरली जाते. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डॉ. सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांत औषध सोडून त्यांचे चित्र घेतले. यालाच आपण अँजिओग्राफी म्हणतो. त्यासाठी ते कोपराजवळ लहानसा छेद घेऊन धमनी उघडी करत. १९६७ मध्ये डॉ. जडकिन्स यांनी त्यासाठी खास वळणाच्या नळ्या बनवून जांघेचा रस्ता सोपा केला. जांघेतली धमनी मोठी असते, सहज हाताला लागते आणि तिला छेद द्यावा लागत नाही. त्यामुळे जगभर जांघेचा रस्ता रूढ झाला.

याच जडकिन्स यांना सोबत घेऊन अमेरिकेतील पोर्टलंडच्या डॉ. चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये एक धाडस केले होते. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची बोटे काळी पडली होती आणि पाय कापण्याची वेळ आली होती. डॉटर यांनी अरुंद धमनीतून आधी बारीक आणि मग जाड नळ्या घालून वाट मोकळी केली. पाय वाचला. पण या पद्धतीत अडचण अशी होती की धमनी जेवढी रुंद करायची, तेवढी जाड नळी आत घालावी लागे. जांघेला पडणारे छिद्रही तेवढेच मोठे होई.

स्वयंपाकघरात तयार झालेला फुगा

ग्रुंट्झिग यांनी डॉटर यांची पद्धत शिकून घेतली आणि झुरिकमध्ये वापरायला सुरुवात केली. मात्र आत शिरताना नळी बारीक असावी आणि नेमक्या अडथळ्यापाशी गेल्यावरच ती जाड व्हावी, असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी नळीच्या टोकाला फुगा हवा होता.

साधा रबरी फुगा उपयोगाचा नव्हता. सायकलची जुनी ट्यूब जशी कमकुवत जागी जास्त फुगते, तसा रबरी फुगा अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगायचा आणि कडक भाग तसाच राहायचा. ठरलेल्या मापापर्यंतच फुगेल, त्यापुढे ताणणार नाही आणि सगळीकडे सारखा दाब देईल असा फुगा हवा होता. झुरिकमधील रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हाइनरिश होप्फ यांनी त्यांना पीव्हीसी वापरण्याचा सल्ला दिला.

बाजारात असा फुगा मिळत नव्हता. म्हणून दिवसभर रुग्णालयात काम करून रात्री ग्रुंट्झिग घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसत. पत्नी मिशाएला आणि सहायक मारिया श्लुम्प्फ यांची मदत असे. कापणे, तापवणे, चिकटवणे, फुगवून पाहणे आणि फुटला की पुन्हा नवा बनवणे, असे काम अनेक महिने चालले. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी पायाच्या धमनीत पहिल्यांदा असा फुगा वापरला. पुढच्या वर्षी त्यांनी दोन पोकळ्यांची नळी तयार केली. एका पोकळीतून फुगा फुगवायचा आणि दुसरीतून रक्ताचा दाब मोजायचा किंवा औषध सोडायचे. आता हृदयाकडे जाण्याची तयारी झाली होती.

१६ सप्टेंबर १९७७

१९७५ पासून ग्रुंट्झिग यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केले. १९७६ मध्ये अमेरिकेतील परिषदेत त्यांनी ते मांडले, तेव्हा अनेकांना ही कल्पना अशक्य वाटली. फुगा फुगवला म्हणजे हृदयाचे रक्त काही सेकंद पूर्ण थांबवायचे. एवढ्यात हृदय बंद पडले तर? धमनी फाटली तर? या शंका गैर नव्हत्या. मे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. रिचर्ड मायलर यांच्यासोबत त्यांनी बायपास शस्त्रक्रियेदरम्यान, छाती उघडलेली असतानाच, माणसाच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून पाहिला.

त्यानंतर १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये ३८ वर्षांचा एक रुग्ण टेबलावर होता. त्याच्या हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत एकच, लहान पण घट्ट अडथळा होता. धोका सांगितल्यावर त्याने संमती दिली. रुग्ण पूर्ण जागा होता. काही बिघडले तर लगेच बायपास करता यावी म्हणून डॉ. ओके सेनिंग यांचे शस्त्रक्रिया पथक तयारीत होते.

ग्रुंट्झिग जांघेतून आत गेले. दुसरा पर्याय जवळपास नव्हताच. त्या काळची बाहेरची आधाराची नळी सुमारे तीन मिलिमीटर जाड होती. मनगटातली धमनी बहुतेकांत दोन ते तीन मिलिमीटरची असते. तिच्यातून ती नळी जाणे शक्य नव्हते. फुगा अडथळ्यात नेऊन दोन वेळा फुगवला. हृदय बंद पडले नाही, धमनी फाटली नाही आणि अडथळ्यापलीकडचा रक्तदाब वाढला. दहा वर्षांनी त्या रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी झाली, तेव्हाही ती धमनी उघडीच होती.

अपयशही मोजणारा डॉक्टर

यानंतर ग्रुंट्झिग यांचे नाव जगभर झाले. मात्र रुग्ण म्हणून तुम्ही लक्षात ठेवावे असे त्यांचे काम यापुढचे आहे. १९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ३२ जणांत फुग्याचा उपयोग झाला, उरलेल्यांत नाही. प्रकृती अचानक बिघडल्यामुळे पाच जणांना तातडीची बायपास करावी लागली. हे सगळे आकडे त्यांनी स्वतःच छापले. नवा उपचार शोधणाऱ्याला यश तेवढे सांगण्याचा मोह होतो. त्यांनी तो टाळला.

१९७८ पासून त्यांनी झुरिकमध्ये जिवंत प्रात्यक्षिके सुरू केली. देशोदेशीचे डॉक्टर एका सभागृहात बसून टीव्हीच्या पडद्यावर ते काम करताना पाहत. प्रक्रिया फसली तरी ती सगळ्यांसमोर फसायची. सरसकट सगळ्यांची अँजिओप्लास्टी करू नये, योग्य रुग्ण निवडावा, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी आणि महिन्या-वर्षांनी त्याला पुन्हा तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे मनगट आणि जांघ यांची तुलना झाली, तीही याच पद्धतीने, हजारो रुग्णांच्या नोंदी करून.

अपुरे राहिलेले आयुष्य

१९८० मध्ये ग्रुंट्झिग अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी मोठा विभाग उभारला आणि शेकडो डॉक्टरांना शिकवले. त्यांना विमान चालवण्याची हौस होती. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी खराब हवामानात स्वतःचे छोटे विमान घेऊन अटलांटाला परतताना जॉर्जिया राज्यात ते कोसळले. ग्रुंट्झिग आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी मार्गारेट ॲन दोघेही त्यात गेले. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते.

फुग्याने उघडलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण तेव्हा बरेच होते. सुमारे तीनातल्या एका रुग्णात असे होई. यावर उपाय म्हणून धातूची बारीक जाळी, म्हणजेच स्टेंट, हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा बसवला गेला तो १९८६ मध्ये. ग्रुंट्झिग यांना तो पाहता आला नाही.

नळ्या बारीक झाल्या आणि मनगटाचा रस्ता खुला झाला

१९८० च्या दशकात नळ्या, तारा आणि फुगे बारीक होत गेले. १९८९ मध्ये कॅनडातील माँट्रियलचे डॉ. लुसियाँ कँपो यांनी १०० रुग्णांची अँजिओग्राफी मनगटाच्या धमनीतून करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे डॉ. फर्डिनांड कीमेनेइ यांनी याच रस्त्याने अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. त्या काळी स्टेंटनंतर रक्त पातळ करणारी जोरदार औषधे द्यावी लागत. त्यामुळे जांघेतून रक्तस्राव होण्याची भीती मोठी होती. मनगटाचा रस्ता शोधण्यामागे हेच मुख्य कारण होते.

मनगटाची धमनी म्हणजे डॉक्टर नाडी पाहतात तीच. ती कातडीच्या लगेच खाली आणि हाडावर असते, त्यामुळे दाबली की रक्त थांबते. तळहाताला करंगळीच्या बाजूने दुसरी धमनीही रक्त पुरवते. जांघेची धमनी मोठी असते, पण खोल असते. तिथून झालेला रक्तस्राव कधी कधी पोटाच्या मागच्या भागात साचतो आणि बाहेरून दिसतही नाही.

२०११ मध्ये ३२ देशांतील ७,०२१ रुग्णांवरचा रायव्हल हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यू, हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांची एकत्र बेरीज केली, तर दोन्ही रस्त्यांत ठळक फरक नव्हता. मात्र टोचलेल्या जागेच्या रक्तवाहिनीचे मोठे त्रास मनगटातून केलेल्या हजार रुग्णांत सुमारे १४, तर जांघेतून केलेल्या हजारांत सुमारे ३७ जणांना झाले. २०१५ मध्ये मॅट्रिक्स या ८,४०४ रुग्णांच्या अभ्यासात, हार्ट ॲटॅक किंवा तशा तातडीच्या अवस्थेत आलेल्यांना मनगटाच्या रस्त्याचा फायदा दिसला. त्यांच्यात रक्तस्राव कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले. म्हणून आज शक्य असेल तिथे आधी मनगटाचा विचार केला जातो.

तुमच्यासाठी कोणता रस्ता?

एक गोष्ट नीट समजून घ्या. रस्ता वेगळा असला तरी हृदयात होणारा उपचार तोच असतो. फुगा तोच, स्टेंट तोच. फरक असतो तो टोचलेल्या जागेच्या त्रासात आणि नंतरच्या आरामात.

मनगटाचे फायदे: रक्तस्राव कमी होतो. काही वेळातच उठून बसता येते, लघवीला चालत जाता येते. वयस्कर, जाड किंवा पाठदुखी असलेल्या रुग्णांना तासन् तास उताणे पडून राहावे लागत नाही.

मनगटाच्या मर्यादा: ही धमनी बारीक असल्याने कधी आकसते आणि हात दुखतो. काही जणांत नंतर ती बंद होते. दुसरी धमनी असल्यामुळे बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही. कधी नळी पुढे सरकत नाही आणि मध्येच जांघेकडे वळावे लागते. म्हणूनच मनगटातून करायचे ठरले असले तरी जांघेचीही तयारी करून ठेवतात. ते पाहून घाबरू नका.

जांघेचा रस्ता कधी योग्य ठरतो: मनगटाची नाडी फार क्षीण असेल, धमनी बारीक किंवा वेडीवाकडी असेल, डायलिसिससाठी हातात फिस्टुला असेल किंवा पुढे करावा लागणार असेल, बायपासमध्ये हाताची धमनी आधीच वापरलेली असेल, गुंतागुंतीच्या अडथळ्यासाठी जाड साधने लागणार असतील, किंवा रक्तदाब खूप खाली जाऊन रुग्ण अत्यवस्थ असेल आणि हृदयाला यंत्राचा आधार द्यायचा असेल.

डॉक्टरांच्या हाताची सवयही महत्त्वाची असते. मनगटातून नियमित काम होणाऱ्या केंद्रांत या रस्त्याचा फायदा जास्त दिसतो. म्हणून आधीपासून ठरलेली अँजिओप्लास्टी असेल तर मोकळेपणाने विचारा: आमच्या रुग्णासाठी कोणता रस्ता निवडला आहे आणि का? तो जमला नाही तर दुसरा कोणता? हाताचा फिस्टुला, आधीची बायपास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि किडनीचा त्रास याबद्दल स्वतःहून सांगा.

हार्ट ॲटॅक आलेला असेल तर मात्र रस्त्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नका. बंद धमनी लवकर उघडणे हेच तेव्हा सर्वात महत्त्वाचे असते.

घरी परतताना आणि घरी गेल्यावर

जांघेतून झाली असेल तर साधारण चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. जागा बंद करणारे खास साधन वापरले असेल तर हा वेळ कमी होतो. मनगटातून झाली असेल तर काही तास दाबपट्टी असते. ती स्वतः सैल करू नका.

लांबचा प्रवास असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. जांघेतून झालेल्या रुग्णाला गाडीत पाय लांब करता येईल अशी जागा द्या. राजूर घाटासारख्या वळणांच्या आणि खराब रस्त्यांवर गाडी हळू चालवा. मध्ये थांबून टोचलेली जागा पाहा. दुचाकीवर नेऊ नका.

पुढचे काही दिवस पाण्याची कळशी, सोयाबीनचे पोते, गॅसचे सिलिंडर असे वजन उचलू नका. मनगटातून झाली असेल तर त्या हाताने विळा-कुऱ्हाड चालवणे, दोर ओढणे टाळा. जांघेतून झाली असेल तर उकिडवे बसणे आणि जिने वारंवार चढणे टाळा. शेतीकाम कधी सुरू करायचे ते पहिल्या तपासणीत विचारा.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका:

- टोचलेल्या जागेतून ताजे रक्त येणे किंवा तिथे झपाट्याने सूज वाढणे
- हात किंवा पाय गार पडणे, फिका दिसणे, बधिर होणे
- जांघेतून झाल्यावर कंबर किंवा पोटात जोराचे दुखणे, घाम, चक्कर
- छातीत पुन्हा दुखणे किंवा धाप लागणे
- जागा लाल होऊन पू येणे किंवा ताप

रक्त येत असेल तर रुग्णाला आडवे करा, स्वच्छ कापडाने त्या जागेवर घट्ट दाब धरा आणि १०८ ला फोन करा. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेतानाही दाब सोडू नका.

सुई टोचलेली जागा भरून आली म्हणजे उपचार संपला असे समजू नका. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करू नका. तसे केल्यास स्टेंट अचानक बंद पडू शकतो. तंबाखू आणि बिडी सोडा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा. ठरलेल्या तारखेला फेरतपासणीला जा. ग्रुंट्झिग यांनी रुग्णांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासले, म्हणूनच फुग्याचे गुण आणि दोष दोन्ही समजले. फेरतपासणीचा तोच उपयोग तुमच्याही रुग्णाला होतो. मनगट असो वा जांघ, त्या रस्त्याने हृदयापर्यंत पोहोचलेला उपचार टिकवणे बरेचसे तुमच्या हातात असते.